याद्या आधी, अक्षता नंतर: ऑनलाइन कल्पनाविश्वातल्या लग्नाचा करार आणि सोहळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी, नांदेड आणि लातूरकडच्या पंधरा-सोळा जणांचा डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मराठीतून रोलप्लेचा, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र होऊन गोष्ट लिहीत न्यायच्या खेळाचा, गट आहे. गोदाकाठचं एक कल्पित राज्य, त्यात नाग, यक्ष, किल्लेदार, तांडे घेऊन फिरणारे व्यापारी. डोहातली नागकन्या आणि डोंगरी किल्ल्याचा किल्लेदार यांचं लग्न लावायचं ठरलंय. करारनामा कसा लिहायचा, सोहळा कसा घ्यायचा आणि पुढं बिनसलं तर काय करायचं?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. अशा गटांतली बहुतेक भांडणं लग्नात होत नाहीत, लग्न मोडताना होतात. कारण दर वेळी तेच असतं: पात्रांनी शपथा घेतलेल्या असतात आणि खेळाडूंमध्ये काहीच ठरलेलं नसतं.

चित्रांच्या ऑनलाइन खेळांत ही अडचण कमी येते, कारण नियम सॉफ्टवेअरमध्येच असतात. सेकंड लाइफमध्ये जोडीदार म्हणून नोंद करायला प्रत्येकी १० लिंडेन डॉलर (त्या खेळातलं चलन) लागतात आणि नोंद मोडायला २५. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या लग्नसोहळ्यात जी अंगठी मिळते, तिच्या जोरावर जोडीदाराजवळ थेट पोचता येतं. स्टारड्यू व्हॅलीत सोबतच्या खेळाडूला मागणी घालायची तर अंगठी स्वतः घडवावी लागते, आणि तिला इरिडियमच्या ५ कांड्या आणि १ प्रिझमॅटिक शार्ड लागतो. लिहून खेळायच्या गटात असं काहीच आपोआप होत नाही. अंगठी हरवली, दौलत वाटली, नवरा गायब झाला, सगळं माणसांनीच ठरवायचं असतं.

म्हणून कागद दोन करा. एक खेळाडूंच्या याद्या, दुसरा पात्रांचा करारनामा. हे दोन्ही एकाच कागदावर आले की घोळ झालाच म्हणून समजा.

याद्या म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. सुपारी फुटायच्या आधी देणं-घेणं, मानपान, कुठला खर्च कुणाकडं, हे चार माणसांसमोर कागदावर उतरतं. इथंही तेच करायचं, फक्त बसणारे वधू-वर नाहीत, त्यांना लिहिणारे दोन खेळाडू आहेत, आणि मध्ये एक मॉड, म्हणजे गटाची व्यवस्था बघणारा मॉडरेटर. व्हॉइस चॅनलवर अर्धा तास पुरतो. बोलून झालं की मॉडनं मुद्दे लिहून काढायचे आणि दोघांनी खाली ‘मान्य’ लिहायचं. हा धागा तिघांनाच दिसेल असा ठेवा.

यादीतलं पहिलं कलम वयाचं. डिस्कॉर्डवर खातं उघडायला १३ वर्षं पुरतात, म्हणजे सर्व्हरवर (गटाच्या डिस्कॉर्डवरच्या जागेत) आहे म्हणून माणूस सज्ञान आहे असं होत नाही. लातूर-नांदेडला शिकवणीला आलेली कितीतरी पोरं १६-१७ वर्षांची असतात आणि रात्री अभ्यास झाला की तीच खेळायला येतात. ज्याला १८ पूर्ण नाहीत त्याचं पात्र वधू किंवा वर म्हणून घेऊच नका. पात्र हजार वर्षांचं यक्ष असलं तरी नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं १८ खालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि ते पाहताना पात्राचं वय धरत नाहीत, लिहिणाऱ्याचं धरतात. त्या पोरांना भाट करा, भालदार करा, करवली करा, वरातीतला हत्ती हाकायला द्या. कथेत मानाची कामं भरपूर आहेत.

दुसरं कलम पडद्याचं. प्रणय कुठवर लिहायचा आणि पडदा कुठं पडायचा, हे दोघांनी शब्दात ठरवायचं. ‘बघू पुढं’ हे उत्तर चालत नाही. ठरवायला जड जात असेल तर पडदा लवकरचा धरा: दाराला कडी लागली की पुढची पोस्ट सकाळची. आणि यात बदल करायचा तर तो फक्त याद्यांच्या धाग्यात, मॉडसमोर. खेळाच्या ओघात नाही.

तिसरं कलम खासगी मेसेजचं. लग्नाच्या कथेत पात्राचा राग, ओढ, मत्सर लिहिणाऱ्याच्या अंगात उतरतो. रोलप्लेवाले याला ‘ब्लीड’ म्हणतात. तो होतोच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. नागकन्या दुसऱ्या पात्राशी चार ओळी बोलली की किल्लेदाराचा खेळाडू ऑफलाइन जातो. रात्री दोनला ‘जेवलीस का’ असा मेसेज येतो आणि तो किल्लेदारानं विचारलाय की माणसानं, हे कळत नाही. अशासाठी यादीत साधा नियम लिहा: पात्र म्हणून बोलणं फक्त सर्व्हरच्या चॅनलवर. खासगीत जे बोलायचं ते स्वतः म्हणून, आणि दोघांची तयारी असेल तरच.

चौथी गोष्ट नावांची, आणि ती आपल्याकडं विशेष जपायला हवी. खऱ्या माणसाचं नाव, आडनाव, गाव, फोटो, सही यातलं काहीही कुठल्याच कागदावर येता कामा नये. कायद्याच्या नजरेत खेळातलं लग्न काहीच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे रूढीचे विधी प्रत्यक्ष व्हावे लागतात, विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, आणि चॅनलवरच्या पोस्टी या दोन्हींत बसत नाहीत. पण घरात फोन कुणाच्या हाती लागला आणि पोरीच्या खऱ्या नावाखाली ‘विवाह करारनामा’ दिसला, तर कायदा समजावून सांगायला कुणी थांबत नाही. म्हणून प्रत्येक कागदाची पहिली ओळ हीच ठेवा: ‘हा खेळातला कागद आहे. यातली माणसं, कुळं आणि स्थळं काल्पनिक आहेत.’ स्क्रीनशॉट काढला तरी ती ओळ त्यात यावी, म्हणून ती वरच हवी.

आता पात्रांचा करारनामा. इथं मोकळं लिहा, जुन्या दस्तऐवजाची भाषा वापरा, शिक्के काढा. मात्र दोन मर्यादा आहेत. पहिली लांबीची. डिस्कॉर्डवर फुकटच्या खात्याला एका मेसेजमध्ये २,००० अक्षरं मिळतात आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘क्षि’ दिसायला एक अक्षर, मोजणीत चार. म्हणजे तीनशेच्या आसपास शब्द झाले की मेसेज भरला. करारनामा एवढ्यातच बसवा. त्यापेक्षा लांब कागद पाहुणे वाचत नाहीत आणि पुढं कुणाला आठवतही नाही. दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक कलम खेळात वापरता आलं पाहिजे. ‘एकमेकांवर अखंड प्रेम करतील’ हे कलम नव्हे. ते पाळलं की मोडलं हे कोण ठरवणार?

नागकन्या-किल्लेदारासाठी एक नमुना देतो:

‘पक्ष पहिला, डोहाची धाकटी नागकन्या. पक्ष दुसरा, डोंगरी किल्ल्याचा किल्लेदार. मुदत, राज्याच्या पंचांगानं एक वर्ष. चातुर्मास नागकन्या डोहात राहील, उरलेले आठ महिने किल्ल्यावर. चातुर्मासात किल्लेदारानं बोलावणं धाडू नये. डोहातलं धन नागकन्येचं, किल्ल्याचा महसूल किल्लेदाराचा, लग्नात आलेला आहेर दोघांचा. आहेरातून काही काढायचं तर दोघांचा होकार. डोह आणि किल्ला यांच्यात युद्ध झालं तर दोघांपैकी कुणीही हत्यार धरणार नाही. साक्षीदार दोन, एक डोहाकडचा, एक किल्ल्याकडचा.’

मुदतीकडं नीट बघा. तुमच्या राज्यात एक खरा दिवस म्हणजे खेळातला एक आठवडा असेल, तर खेळातलं वर्ष ५२ दिवसांत संपतं आणि चातुर्मास १७ दिवसांत. हा हिशेब करारातच, खऱ्या तारखेसह लिहा. नाहीतर एक खेळाडू वर्षभराचं नातं समजून लिहितो आणि दुसऱ्याचा करार दोन महिन्यांत संपलेला असतो. चातुर्मासाचं कलम दिसतं कथेपुरतं, पण त्याचा खरा उपयोग खेळाडूंना आहे: परीक्षा, सुगी, घरचं कार्य यात दोन-अडीच आठवडे गायब राहायला मान्य कारण मिळतं.

दौलतीचे तीन वाटे का, तर खेळातली नाणी बॉटच्या (सर्व्हरवर आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) खात्यात असतात आणि एकदा दिली की परत घ्यायला यंत्रणा नसते. हुंडा ठेवू नका. तो आपल्या समाजाचा जुना घाव आहे हे कारण पुरेसं आहेच, पण खेळापुरतं पाहिलं तरी त्यात एका खेळाडूची महिनोन् महिन्यांची कमाई एका पोस्टमध्ये दुसऱ्याच्या खात्यात जाते. आहेरावरही मर्यादा घाला, समजा एका पाहुण्याकडून २०० दाम. नाहीतर दुसऱ्या खात्यातली नाणी आहेराच्या वाटेनं मुख्य खात्यात आणायची सोय होते.

शापाचं कलम लोकांना फार आवडतं. शपथ मोडली तर दगड होशील, वंश बुडेल वगैरे. कथेला रंग येतो हे खरं, पण दुसऱ्याचं पात्र कायमचं मारायचा हक्क कुठल्याही करारानं देऊ नका. शापाला फासा आणि मुदत हवी: वीस बाजूंचा फासा टाका, ११ किंवा जास्त पडले तर शाप टळला, कमी पडले तर एक विद्या खऱ्या सात दिवसांसाठी जाईल. सात दिवसांत त्यावर एक छान उपकथा लिहून होते.

विवाहाचा प्रकार निवडताना जुने आठ प्रकार हाताशी आहेत: ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. कल्पनाविश्वात गांधर्व सगळ्यात सोपा, दोघांचा होकार एवढंच लागतं. राक्षस म्हणजे बळानं पळवून नेणं आणि पैशाच म्हणजे बेसावध असताना फसवणं. हे दोन प्रकार सर्व्हरवर बंद ठेवा. ‘फक्त कथेत’ म्हणून आग्रह धरणारा कुणीतरी निघतोच, त्याला नियम दाखवायचा आणि विषय संपवायचा. खऱ्या धर्मविधींचे मंत्र, कुराणातल्या आयती किंवा निकाहनाम्याचा मजकूर जसाच्या तसा घेऊ नका. गटात सगळ्या घरांतली माणसं असतात आणि कुणाची ना कुणाची श्रद्धा दुखावते. रचना घ्या, शब्द स्वतःचे लिहा.

सोहळ्यासाठी आधी चॅनल मांडा. ‘बोहलं’ आणि ‘मांडव’ हे दोन मुख्य. बोहल्यावर सगळ्यांना वाचता येईल, लिहिता फक्त चौघा-पाचजणांना: वधू, वर, लग्न लावणारा, दोन साक्षीदार. त्यासाठी ‘लग्नघर’ नावाची भूमिका करून तिलाच मेसेज पाठवायची परवानगी द्या. पाहुण्यांनी मांडवात लिहायचं आणि तिथं ३० सेकंदांचा स्लोमोड लावायचा, म्हणजे एकाला दोन मेसेजमध्ये तेवढं थांबावं लागतं. हे केलं नाही तर ऐन शपथेत पाहुण्यांच्या जिलबीवरच्या गप्पांत वधूची पोस्ट वर निघून जाते आणि कुणाला सापडत नाही.

अंतरपाट हा आपल्या विधीतला भाग या माध्यमासाठी जणू बेतलेलाच आहे. वधू आणि वर यांना दोन वेगळी चॅनलं द्या, एकाला दुसऱ्याचं दिसणार नाही अशी. पाहुण्यांना दोन्ही दिसतात. दोघं आपापल्या जागी उभे राहून मनातलं लिहितात. लग्न लावणाऱ्यानं ‘सावधान’ लिहिलं की मॉड दोन्ही चॅनल दोघांना उघडतो, आणि पलीकडं आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं हे दोघं तेव्हा पहिल्यांदा वाचतात. यासाठी मेसेजचा इतिहास वाचायची परवानगी चालू हवी, नाहीतर पाट सरकतो आणि समोर रिकामी भिंत दिसते. आणखी एक चूक नेहमीची: ज्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परवानगी आहे त्याला सगळी चॅनलं दिसतातच, कितीही कुलपं लावा. वर अ‍ॅडमिन असेल तर तासाभरासाठी ती भूमिका काढून ठेवा. सर्व्हरचा मालकच वर असेल तर अंतरपाट होणारच नाही. मग दोघांनी आपला मजकूर मॉडकडं द्यावा आणि त्यानं पाट सरकताना तो एकदम टाकावा. आदल्या दिवशी एखाद्या दुसऱ्या खात्यानं हे सगळं तपासून बघा.

मंगलाष्टका स्वतः रचा, आपल्याकडं घरोघरी रचतातच. वृत्त शार्दूलविक्रीडित: ओळीत १९ अक्षरं, १२ वर थांबा, मग ७. गण म स ज स त त आणि शेवटी गुरू. तुमच्या वधूसाठी सुरुवात अशी करता येईल:

डोहाच्या तळिची निघे फणिसुता, घेऊन माला करी

पुढच्या तीन ओळी तुम्ही जुळवा. टाइप केलेलं वृत्त कानाला लागत नाही, म्हणून कुणीतरी व्हॉइस चॅनलवर म्हणा. दोन कडवी पुरेत. आठ म्हणत बसलात तर टाइप करणारे वधू-वर थंड पडतात.

वेळेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. फोनवर मराठीत तीन-चार चांगल्या ओळी लिहायला माणसाला दोन मिनिटं तरी लागतात. सात पावलं ठेवली आणि प्रत्येक पावलाला दोघांची एक-एक पोस्ट म्हटलं तरी १४ पोस्टी, म्हणजे जवळपास अर्धा तास फक्त त्यातच गेला. तीन पावलं ठेवा, किंवा सातही हवी असतील तर आधीच लिहून फोनच्या नोट्समध्ये ठेवा आणि तिथून चिकटवा. साधारण बेत असा: पाहुण्यांचं आगमन आणि सीमेवरचं स्वागत १५ मिनिटं, करारनाम्याचं वाचन ५, अंतरपाट १५, शपथा १५, अक्षता ५, उखाणे आणि पंगत २०. सव्वा तासापलीकडं गेलं की माणसं गळायला लागतात. हळद आणि वरात वेगळ्या दिवशी, मोकळ्या चॅनलवर, बिनघड्याळाची करा.

अक्षतांसाठी तांदळाच्या दाण्यांचा इमोजी स्वतः काढून चढवा. फाइल २५६ केबीच्या आत हवी. ‘सावधान’च्या मेसेजवर सगळ्यांनी तोच टाकायचा, आकडा वाढताना बघायला खरंच आनंद होतो. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, कारण एका मेसेजवर वेगवेगळे इमोजी २० च बसतात. प्रत्येकानं आपला निराळा टाकला तर अक्षतांना जागा उरत नाही.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. दुसऱ्याच्या पात्राचं मन किंवा हालचाल लिहायची नाही. किल्लेदाराच्या खेळाडूनं ‘त्यानं हात पुढं केला’ इथं थांबायचं. ‘तिनं लाजून तो धरला’ हे लिहिण्याचा हक्क तिचा. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वतीच्या लग्नाचा पट आहे, तो एकदा जाऊन बघा. तिथं सगळं हातात आणि मानेच्या कलण्यात आहे. तसंच, दिसेल तेवढंच लिहिलं की पोस्ट चांगली होते. दुसरी गोष्ट मराठीचीच आहे. ‘मी आलो’, ‘मी आले’ यात लिंग उघडं पडतं, आणि मुलगा नागकन्या लिहीत असेल तर घाईत हमखास चुकतो, मग मांडवात हशा पिकतो आणि प्रसंग जातो. म्हणून निवेदन तृतीय पुरुषातच ठेवा. नागकन्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणणार की ‘अरे’, किल्ल्यावरची माणसं ‘काय करायलाव’ अशी बोलणार की दरबारी, हेही आधीच ठरवा. मध्येच बदललं की पात्रच बदलल्यासारखं वाटतं.

लग्नावर हल्ला करायचा मोह प्रत्येक गटात एकाला तरी होतो. राक्षस घुसवायचाच असेल तर मॉडला आधी सांगून, आणि अक्षता पडल्यानंतरच, पंगतीत. वधू-वरांनी ज्या पोस्टी आठवडाभर घोळवून लिहिल्या, त्या वाया घालवायचा अधिकार कुणाला नाही.

तारीख शनिवारी रात्री साडेनऊनंतरची धरा, पण एप्रिल-मेची लगीनसराई टाळा: निम्मे खेळाडू खऱ्या लग्नात वाढपी असतात आणि वळवाचा पाऊस आला की लाइट आणि रेंज दोन्ही जातात. लग्न लावणाऱ्याचा सगळा मजकूर दुसऱ्या एकाकडंही असू द्या, शक्यतो दुसऱ्या गावातल्या माणसाकडं. वधू किंवा वराची रेंज गेली तर १५ मिनिटं पंगत लांबवा. तरीही आली नाही तर दुसरा दिवस. त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं शपथ लिहायची नाही. सोहळा संपला की दोघं आणि मॉड, दहा मिनिटं स्वतःच्या नावानं बोला: काय आवडलं, कुठं अवघडल्यासारखं झालं.

आता काडीमोड. ही कलमं याद्यांत, लग्नाच्या आधी लिहायची. कुठल्याही खेळाडूला कारण न देता बाहेर पडता येईल. त्यानं मॉडला कळवायचं, मॉड दुसऱ्याला सांगेल, आणि खऱ्या सात दिवसांत कथेत काडी मोडायची: दोन पोस्टी, एकेकाची एक, हवं तर साक्षीदारांसमोर. समोर यायचं नसेल तर मॉडनं तीन ओळींत लिहून टाकावं. खेळाडूच गायब झाला तर २१ दिवसांनी त्याचं पात्र ‘तीर्थयात्रेला’ जातं आणि जोडीदाराचं पात्र मोकळेपणी खेळू लागतं. ४५ दिवसांनी करार संपतो. पात्राला मारायचं नाही, कारण चार महिन्यांनी माणूस परत येतो आणि तेव्हा त्याला यायला दार उघडं पाहिजे. आहेराचे दोन समान वाटे. जुन्या पोस्टी पुसायच्या नाहीत, धागे कुलूपबंद करायचे, आणि दोघांच्या होकाराशिवाय त्यांचे स्क्रीनशॉट बाहेर न्यायचे नाहीत. मोडल्यावर १४ दिवस त्या दोन पात्रांचं दुसरं लग्न नको, कारण नव्या मांडवात जुन्या खेळाडूलाही पाहुणा म्हणून बसायचं असतं.

आणि मुदत संपताना बॉटवर तीन दिवस आधीची आठवण लावून ठेवा. नूतनीकरण आपोआप करू नका. दोघांनी याद्यांच्या धाग्यात वेगवेगळं ‘हो’ लिहिलं तर पुढचं वर्ष सुरू. एकाचंच आलं, तर नागकन्या चातुर्मासासाठी डोहात उतरते आणि कथेत तिचा तिथला मुक्काम लांबतो.